ओल्या पानाची खबर

दसऱ्याच्या आसपास नाशिक जिल्ह्यात फळछाटणीची धांदल असते. निफाड, दिंडोरी, चांदवड, नाशिक या तालुक्यांत छाटलेल्या काड्यांवरचे डोळे फुगतात, पोंगा बाहेर पडतो आणि बघता बघता कोवळी फूट तारेवर चढू लागते. इथून मणी सेट होईपर्यंतचा काळ बागाईतदाराच्या जिवाला घोर लावणारा. रोज सकाळी तो पान उलटं करून बघतो. वरच्या बाजूला तेलकट पिवळट डाग आणि त्याच जागी खाली पांढरी बुरशी दिसली, की डाऊनी हा रोग बागेत शिरला हे नक्की. फुलोऱ्यात तो घडावर उतरला तर वर्षभराची मेहनत आठवड्यात जाते. त्या काडीवर पुन्हा घड यायला पुढची छाटणी उजाडावी लागते.

डाऊनीचे बीजाणू चक्क पोहतात. पानावर पाण्याचा पातळ थर असला, की त्यात पोहत ते पानाच्या सूक्ष्म रंध्रांपर्यंत पोचतात आणि आत शिरतात. पाऊसच हवा असं नाही, दवाची ओलही त्यांना पुरते. तापमान 20 ते 25 अंशांच्या मध्ये असेल तर अशा ओलीचे मोजके तास पुरतात. भुरी या दुसऱ्या रोगाचं गणित वेगळं. तिला पानावर साचलेलं पाणी लागत नाही, ढगाळ आणि दमट हवेत ती कोरड्या पानावरही वाढते. म्हणजे एका रोगासाठी पानावरच्या ओलीचा हिशेब हवा आणि दुसऱ्यासाठी हवेतल्या दमटपणाचा. आणि हे दोन्ही हिशेब हवेत त्या बागेतले, त्या वेलींच्या आतले.

काल रात्री पान किती तास ओलं होतं? नाशिकच्या द्राक्षशेतीला या एका प्रश्नाचं उत्तर कित्येक पिढ्या देता आलं नाही. ते कसं मिळू लागलं, हा या धंद्याच्या इतिहासातला फारसा न सांगितला गेलेला भाग आहे.

जुनी नाशिकची द्राक्षबाग आजच्यासारखी नव्हती. वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढवलेला असे. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी ही तेव्हाची वाणं, बहुतेक बियांची आणि जवळच्या बाजारात खपणारी. रोगावर औषध म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. त्याचा शोध फ्रान्समध्ये योगायोगानेच लागला. 1878 च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या डाऊनीने फ्रान्सच्या बागा पोखरायला सुरुवात केली होती. मेडॉक भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. 1882 मध्ये बोर्दो विद्यापीठातल्या पिएर मिलार्दे यांच्या नजरेला आलं, की बाकीची बाग झडली आहे आणि याच वेलींची पानं हिरवी आहेत. 1885 मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केलं. नाशिकच्या बागेत आजही ते फवारलं जातं.

औषध मिळालं, पण ते मारायचं कधी? बोर्डो हे पानाला आधीच घातलेलं चिलखत आहे. बुरशी आत शिरल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून फवारणी दिवस मोजून होऊ लागली. आभाळ आलं की फवारा, दव पडलं की फवारा, शेजाऱ्याने मारला म्हणून आपलाही फवारा. पुढे थॉमसन सीडलेस हे बिनबियांचं वाण आलं. लोखंडी अँगल, तारा, मांडव आणि नंतर वाय पद्धत आली, ठिबक आलं. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ स्थापन झाला आणि शेतकऱ्यांनीच एकमेकांना शिकवायला सुरुवात केली. उत्पन्न वाढलं, एकरी खर्चही वाढला आणि पानांची दाटीही वाढली. दाट पानोळ्यात हवा खेळत नाही, रात्रीची ओल सकाळी उशिरापर्यंत टिकते. चांगल्या पिकासाठी जे केलं, त्यानेच रोगालाही सावली मिळाली.

हवेचा अंदाज सांगायला सरकारी हवामान खातं होतंच. 1875 मध्ये स्थापन झालेल्या या खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. 1932 मध्ये तिथे कृषिहवामान शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख होते डॉ. एल. ए. रामदास, सर सी. व्ही. रामन यांचे शिष्य. त्याच वर्षी रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली असणार, असं तेव्हा सगळे धरून चालत. उघड्या जमिनीवर केलेल्या मोजणीत मात्र सर्वांत थंड थर जमिनीपासून काही डेसिमीटर वर सापडला. परदेशी शास्त्रज्ञांना हे पटायला वेळ लागला. मोजणीतली चूक असेल असंच अनेकांना वाटलं. नंतर इतरत्रही तेच आढळलं आणि त्या थराला रामदास यांचं नाव मिळालं. त्यामागचं भौतिकशास्त्र बेंगळुरूला रोद्दम नरसिंहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात उलगडलं.

द्राक्षाच्या गोष्टीत रामदास यांचं काम मोलाचं आहे. पिकाला जाणवणारी हवा आणि वेधशाळेच्या पेटीत मोजलेली हवा वेगळी असते, वीतभर अंतरातही तापमान बदलतं, हे त्यांनी महाराष्ट्रातच आकड्यांनी दाखवून दिलं होतं. ती हवा शेताशेतात मोजण्याचं साधन मात्र तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

1945 पासून खात्याने शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू केली आणि ती आकाशवाणीवरून घराघरात ऐकू येऊ लागली. शेतापर्यंत पोचलेली ही पहिली बिनतारी सेवा. ती एकतर्फी होती आणि तिचा पल्ला प्रचंड होता. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस’ या एका वाक्यात नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचा मुलूख येतो. त्यातलं तुरळक ठिकाण म्हणजे पिंपळगाव बसवंत की पन्हाळा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. थंडीत वर्तमानपत्रांतून निफाडचा पारा छापून येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजलेला असतो. तो आकडा वाचून बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. नदीकाठच्या खोलगट बागेत आणि माळावरच्या बागेत त्याच रात्री किती फरक पडला, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

जास्तीच्या फवाऱ्याची किंमत पुढे परदेशी बाजारात मोजावी लागली. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातीला धक्का बसला. त्यातून शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ग्रेपनेट ही प्रणाली उभी केली. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद, फवारण्यांची नोंद, प्रयोगशाळेची तपासणी आणि डब्यापासून बागेपर्यंतचा माग, असं तिचं स्वरूप होतं. 2010 मध्ये वाढनियंत्रक म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर पुन्हा अडकले. बागाईतदारांना या दोन धक्क्यांनी एक गोष्ट शिकवली. गरज नसताना मारलेला फवारा खर्च तर वाढवतोच, शिवाय माल परत आणू शकतो. मग गरज कधी आहे, हे सांगणारं काहीतरी हवं होतं.

असं साधन बागेत बिनतारी चालवायला वाट करून देणाऱ्या दोन सरकारी अधिसूचनांचं नाव इथे घ्यायला हवं. शेतीच्या इतिहासात ते सहसा येत नाही. 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार भारतात परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणंही गुन्हा होता. घरच्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरल्याचं जुन्या मंडळींना आठवत असेल. या चौकटीत एखाद्या शेतकऱ्याने किंवा संशोधकाने बागेत वीस छोटे रेडिओ टांगायचे म्हटले असते, तर कागदपत्रांतच हंगाम गेला असता. 28 जानेवारी 2005 रोजी केंद्राने 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. त्याच वर्षी मार्चमध्ये 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टाही मोकळा झाला. पहिल्या निर्णयाने वायफायला वाट मिळाली म्हणून तो शहरात लक्षात राहिला. शेताच्या दृष्टीने दोन्ही निर्णय तितकेच मोठे होते, आणि दुसऱ्याचं महत्त्व कळायला आणखी दहा-बारा वर्षं जावी लागली.

तोवर तंत्र तयार होत आलं होतं. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात 1990 च्या दशकाच्या शेवटी ‘स्मार्ट डस्ट’ नावाचं संशोधन सुरू झालं. त्यातून निघाले ‘मोट्स’: संवेदक, छोटा संगणक आणि रेडिओ एकाच पट्टीवर, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. रेडिओ वीज खातो, म्हणून हे यंत्र बहुतेक वेळ झोपलेलं असतं. ठरल्या वेळी जागं होतं, मोजतं, आकडा शेजारच्या यंत्राकडे देतं आणि पुन्हा झोपतं. असा आकडा हातोहात पुढे सरकत मुख्य केंद्रापर्यंत पोचतो. 2002 मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत असे 32 मोट्स ठेवले गेले. 2004 च्या सुमारास कॅनडातल्या ओकानागन खोऱ्यात, इंटेलच्या संशोधकांनी एका द्राक्षमळ्यात 65 मोट्स लावून तापमान मोजलं. जगात द्राक्षबाग ही या तंत्राच्या पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी एक ठरली. पीक महाग, जागेवर कायम राहणारं आणि हवेला अतिशय संवेदनशील असल्यामुळे यात नवल नाही.

भारतात हे काम नाशिकला आलं. आयआयटी मुंबईत उदय देसाई आणि शब्बीर मर्चंट यांच्या गटाने ‘अ‍ॅग्रीसेन्स’ हा प्रकल्प हाती घेतला. ग्रामीण तंत्रज्ञानाच्या ‘सितारा’ केंद्रातले नरेंद्र शहा त्यांच्यासोबत होते. जागा निवडली ती गंगापूर धरणाजवळची सुला वाइनयार्ड्स. राजीव सामंत यांनी 1990 च्या दशकात इथे वाइनच्या द्राक्षांची लागवड केली होती आणि प्रयोगाला तयार असलेली बाग मुंबईपासून एका दिवसाच्या अंतरावर होती. वेलींमध्ये बसवलेले मोट्स हवेचं तापमान, आर्द्रता, मातीतली ओल आणि पानावरची ओल मोजत. आकडे बागेतल्या मुख्य केंद्रावर जमा होत आणि तिथून जीपीआरएसने, म्हणजे मोबाइलच्या जाळ्यातून, आयआयटीच्या पवईतल्या प्रयोगशाळेत पोचत. त्या आकड्यांवरून रोगाचा धोका किती, हे गणिताने काढण्याचा प्रयत्न झाला. या कामावरचे शोधनिबंध 2009 च्या सुमारास प्रसिद्ध झाले. देसाई त्याच वर्षी आयआयटी हैदराबादचे पहिले संचालक झाले.

पानावरची ओल मोजणारा संवेदक दिसायला अगदी साधा असतो. पानाएवढी पट्टी, तिच्यावर एकमेकांत गुंतलेल्या पण न टेकणाऱ्या तांब्याच्या किंवा सोनेरी मुलाम्याच्या रेषा. पट्टी कोरडी असेल तर दोन रेषांमधून वीज वाहत नाही. दवाचा थेंब पडला, की पाणी दोन्ही रेषांना जोडतं, रोध कमी होतो आणि यंत्राला कळतं की ओल आली. पट्टीला अनेकदा रंगाचा हात देतात, म्हणजे पाणी पानावर पसरतं तसं तिच्यावर पसरावं. ती तिरकी आणि पानोळ्याच्या आत बसवायची, कारण बांधावर उघड्यावर लावली तर ती बांधाची ओल सांगेल, पानाची नाही. इतक्या साध्या वस्तूने मिलार्दे यांच्या काळापासून अनुत्तरित असलेला प्रश्न सोडवला. रात्री बारा ते सकाळी आठ, पान ओलं, तापमान 21 अंश. एवढी एक ओळ मिळाली, की फवारा मारायचा की नाही याचा निर्णय भीतीवर सोडावा लागत नाही.

अर्थात बाग रेडिओलहरींना सोपी जागा नाही. छाटणीनंतर उघड्या ओलांड्यांमधून लहरी सहज जातात. दीड महिन्यात तिथे पानांची भिंत उभी राहते आणि पानांतलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. लोखंडी अँगल आणि तारा त्या परतवतात. म्हणजे ऑक्टोबरात नीट चालणारं जाळं डिसेंबरात तुटक होऊ शकतं, आणि आकड्यांची खरी गरज असते ती नेमकी मधल्या काळात. त्यात ब्लोअरने मारलेलं औषध संवेदकावर बसतं, ट्रॅक्टर खांबाला घासतो, सेल संपतात. बाहेरून आणलेले मोट्स महाग होते आणि बिघडले तर दुरुस्त करणारा गावात नव्हता. संशोधन प्रकल्पाला मुदत असते, विद्यार्थी पदवी घेऊन जातात, पण बाग तिथेच राहते. त्यामुळे हे तंत्र पहिल्या फेरीत साध्या बागाईतदाराच्या हाती आलं नाही, आणि त्याचा दोष संशोधकांना देणं अन्याय होईल. त्यांनी भारतीय हवेत, भारतीय बागेत हे चालतं एवढं सिद्ध केलं. पुढचं काम दुसऱ्या कोणीतरी उचलायला हवं होतं.

ते किती तातडीचं होतं, हे 2009 च्या नोव्हेंबरात दिसलं. फयान चक्रीवादळ 11 नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. त्या काळातल्या अवकाळी पावसाने ऐन फुलोऱ्यातल्या बागा भिजवल्या. घडकूज आणि डाऊनीने शेतकरी मेटाकुटीला आले.

दुसरी फेरी 2015 नंतर आली, आणि ती वेगळ्या वाटेने आली. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे जन्मलेलं ‘लोरा’ हे तंत्र कमी विजेत, थोडा मजकूर, काही किलोमीटरपर्यंत पाठवतं. भारतात ते चालतं 2005 मध्ये मोकळ्या केलेल्या 865 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. या लहरींची लांबी जास्त असल्याने पानांच्या दाटीतून त्या 2.4 गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्या निभावून जातात. 2016 नंतर स्वस्त 4जी गावोगाव पोचलं आणि बागाईतदाराच्या खिशात पडदा आला. 2017 मध्ये राज्य सरकारने स्कायमेट या खासगी हवामान कंपनीसोबत ‘महावेध’ प्रकल्प सुरू करून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली. बेंगळुरूच्या ‘फसल’ आणि ‘फायलो’ यांसारख्या नव्या कंपन्यांची यंत्रं नाशिकच्या बागांत दिसू लागली: एका खांबावर सौर पट्टी, पर्जन्यमापक, पानओलीचा संवेदक आणि मुळाशी मातीतली ओल मोजणारे दांडे. सकाळी मोबाइलवर मराठीत निरोप येतो, की डाऊनीचा धोका जास्त आहे किंवा आज फवारणीची गरज नाही.

महावेधबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण हवामान आधारित फळपीक विम्याचा निकाल याच केंद्रांच्या आकड्यांवर लागतो. मंडळात एक केंद्र. गारपीट किंवा पाऊस मंडळ बघून पडत नाही. बागेत पाणी साचलेलं असताना केंद्रावर आकडा कमी निघाला, तर भरपाई हुकते. या तक्रारीत तथ्य आहे, असंच म्हणावं लागेल. नऊ दशकांपूर्वी रामदास यांनी वीतभर अंतरातला फरक दाखवला होता. काही किलोमीटर दूरच्या एका खांबाने शेकडो बागांचा न्याय करणं शास्त्राला धरून नाही. ही केंद्रं तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजतात. पानावरची ओल त्यांत येत नाही.

2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पाऊस नाशिककर विसरलेले नाहीत. अरबी समुद्रात क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ उठली. बागलाण, देवळा, कळवण भागातली अर्ली द्राक्षं काढणीच्या तोंडावर होती, तर निफाड-दिंडोरीत पोंगा आणि फुलोरा. मण्यांना तडे गेले, घड कुजले, फुलोऱ्यात डाऊनी शिरला. अशा पावसापुढे कोणताही संवेदक बाग वाचवत नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. ट्रॅक्टर बागेत शिरू शकत नाही तिथे धोक्याचा निरोप वाचून करायचं काय? यंत्राची खरी कमाई मधल्या, साध्या वर्षांत होते. ढग येतात आणि जातात, पान ओलं होतं आणि दोन तासांत वाळतं, अशा दिवसांत वाचलेले फवारे हाच त्याचा नफा. एका फवाऱ्यात औषध, डिझेल, मजुरी आणि निर्यातीतल्या अंशाची चिंता सगळंच असतं. फळछाटणीपासून काढणीपर्यंत अनेक डझन फवारण्या करणाऱ्या या धंद्यात त्यातल्या काही वाचल्या तरी त्या जाणवतात.

पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून या पिकावर काम करतं आणि त्यांचा हवामान व रोगविषयक सल्ला ‘अ‍ॅग्रोवन’सारख्या दैनिकातून हंगामभर येतो. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी हजारो शेतकऱ्यांचा माल एकत्र हाताळते. म्हणजे शास्त्र, संघटना आणि यंत्र या तिन्ही गोष्टी आज नाशिकच्या आवाक्यात आहेत. नाही ती एकच गोष्ट, सामायिक नोंदवही. बागाबागांत लागलेल्या खांबांचे आकडे आज ज्या त्या कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. शेतकऱ्याला त्यातला सल्ला मिळतो, पण गावातल्या दहा बागांची पानं गेल्या पाच वर्षांत कोणत्या रात्री किती ओली होती, हे कोणी सलग मांडून दाखवत नाही. तसं झालं तर विम्याच्या भांडणात पुरावा मिळेल, संशोधकांना नाशिकच्या हवेत बसणारं रोगाचं गणित पक्कं करता येईल आणि ज्याला यंत्र परवडत नाही त्या दोन एकरवाल्यालाही शेजारच्या बागेचा आकडा कामी येईल.

हे काम द्राक्ष बागाईतदार संघाने हाती घ्यावं. एकमेकांच्या बागा बघत, चुका आणि युक्त्या वाटून घेत हा संघ वाढला आहे आणि शेतकऱ्याचा त्याच्यावर विश्वास आहे. आणि यंत्र विकत घेणाऱ्या प्रत्येक बागाईतदाराने कंपनीशी करार करताना एवढं जरूर विचारावं: माझ्या बागेचे आकडे मला पूर्णपणे, माझ्या ताब्यात मिळतील का? उत्तर लेखी घ्यावं.